शाळा सोडायची असेल तर आधी सहा आठवडे हे करून बघ

हे मी १४ ते १७ वयाच्या पोरापोरींसाठी लिहितेय, आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी पट्ट्यातल्या, जे रोज सकाळी बसमध्ये दाराला लोंबकळत शाळेला जातात आणि संध्याकाळी परत येताना विचार केला तर आज काय शिकलो ते आठवत नाही. आणि थोडं त्यांच्या आईवडिलांसाठी पण, कारण शेवटी सही त्यांची लागते.

माझं मत आधीच सांगून टाकते. शाळा सोडून स्वतःचं स्वतः शिकता येतं, चांगलं शिकता येतं, मी केलंय आणि आता माझा भाचा करतोय. पण शाळा सोडणं वेगळं आणि शिकणं सुरू करणं वेगळं, पहिलं एका दिवसात होतं आणि दुसऱ्याला दिवसाला वळण लावावं लागतं, आणि आमच्याकडं बहुतेक पोरं पहिलं करून दुसरं विसरतात. मी पण तसंच केलं होतं.

२००६ साली मी नववीत होते. कन्नडचा धडा वाचता येईना म्हणून एका सरांनी सगळ्या वर्गासमोर हातावर छड्या मारल्या, तिसऱ्यांदा, त्या दिवसानंतर मी गेलेच नाही. घरी पण कुणी फार ताणलं नाही, पोरगी घरात असली तर कामाला होते. पुढचे आठ महिने मी भांडी घासली, शेळ्या राखल्या, टीव्ही बघितला. मोकळं वाटलं ते पहिले पंधरा दिवस. मग नुसती झोप यायची. आठ महिन्यांत मी एक पुस्तक वाचलं नाही, कारण कुणी विचारणारं नव्हतं आणि मी स्वतःला पण विचारलं नाही.

मग बाबांच्या वारसाचं काम निघालं. आज्जा वारले होते, उताऱ्यावर नाव चढवायचं होतं, सगळे कागद कन्नडमध्ये, आणि घरात वाचणारं कुणी नाही. कचेरीबाहेर बसलेला एक माणूस नुसतं वाचून सांगायचे पैसे घ्यायचा, आणि तेही अर्धवट सांगायचा. बाबा त्याच्यापुढं हात जोडून उभे होते ते मी बघितलं. घरी आल्यावर मी कन्नड अक्षरं शिकायला बसले, कुणी सांगितलं नव्हतं, मारलं नव्हतं, आणि वीस दिवसांत मी बसच्या पाट्या वाचायला लागले. आज त्याच कन्नड-मराठी कागदांच्या कामावर माझं घर चालतं. मधल्या काळात ओपन स्कूलमधून दहावी, बारावी केली, पुढं बी.ए. पण केलं. ते आठ महिने मात्र गेले ते गेलेच. तुझे जाऊ नयेत एवढ्यासाठी हे सगळं लिहायला घेतलंय.

आधी कारण बघ

वहीच्या एका पानावर लिहून काढ, मला शाळा का सोडायचीय. कुणाला दाखवायची गरज नाही म्हणून खरं लिही.

कुणी त्रास देतंय, मारतंय, घाणेरडं बोलतंय, हात लावतंय असं असेल तर तो प्रश्न शाळा सोडून सुटत नाही, तो माणूस तिथंच राहतो. घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला सांग, नाहीतर १०९८ ला फोन कर, तो नंबर मुलांसाठीच आहे आणि फुकट आहे. नंतर वाटलं तर शाळा सोड, पण आधी हे. पैशाची अडचण असेल तर स्कॉलरशिप, हॉस्टेल, वह्या-पुस्तकं यासाठी आधी धडपड करून बघ. नुसते मार्क कमी पडतायत म्हणून वैताग आला असेल तर हे माहीत असू दे की कर्नाटक बोर्ड एस.एस.एल.सी.ची, म्हणजे दहावीची, परीक्षा वर्षातनं एकापेक्षा जास्त वेळा घेतं, एकदा गेलं म्हणून वर्ष जात नाही.

आणि कारण असं असेल की मला अमुक एक गोष्ट इतकी करावीशी वाटते आणि शाळा-ट्युशन-बस यात दिवसाचे दहा तास जातात, मग हात रिकामाच राहत नाही, तर तुझ्यासाठी खाली सगळं आहे. 'गोष्ट' म्हणजे मोठी कला पाहिजे असं काही नाही. माझ्या भाच्याची गोष्ट म्हणजे जळलेली पंपाची मोटार होती.

एक अजून. तू आत्ता दहावीत असशील, म्हणजे परीक्षेला सात-आठ महिने राहिले असतील, तर माझं म्हणणं आहे की ते काढ. एस.एस.एल.सी.चा कागद हातात घेऊन बाहेर पड. सात महिन्यांसाठी दोन वर्षांची धावपळ मागे लावून घेऊ नकोस. आणि १४ पूर्ण नसतील तर विषय इथंच थांबव, शिक्षण हक्क कायद्यानं ६ ते १४ वयाच्या पोरांना शाळा आहेच, आणि त्या वयात कामावर ठेवणं तर गुन्हाच आहे.

मे महिन्यात रंगीत तालीम

शाळा सोडायच्या आधी उन्हाळ्याची सुट्टी वापर. आपल्याकडं एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुट्टी पडते आणि मेच्या शेवटी संपते, म्हणजे सहा आठवडे तर धरून चाललेत. या सहा आठवड्यांत तू असं जग की शाळा सोडलेलीच आहे. लग्नं असतात, जत्रा असते, पाहुणे येतात, आंबे-फणस-काजूची कामं असतात, सगळं असूनही तुझं शिकणं चालतं का ते बघायचंय, कारण शाळा सोडल्यावर पण हे सगळं असणारच आहे, घरात बसलेल्या पोराला पहिली हाक मारतात.

दिवसाचे दोन तुकडे कर. सकाळी ९ ते १२ डोक्याचं, दुपारी ३ ते ६ हाताचं. बस्स. सहा तासांच्या वर ठरवू नकोस, जमत नाही, दोन दिवसांत मोडतं आणि मग वाईट वाटून सगळंच सुटतं. सकाळचे तीन तास म्हणजे वाचणं, लिहिणं, गणित, भाषा. फोन त्या वेळात आज्जीकडं ठेव, आज्जी नसेल तर कपाटात. व्हिडिओ बघून शिकायचं असेल तर ते दुपारच्या तुकड्यात बघ, आणि बघितल्यावर त्यातलं हातानं करून बघ, तरच ते शिकणं, नाहीतर तो टाइमपासच आहे, कितीही चांगला चॅनल असला तरी.

एक जाड वही घे. रोज रात्री तारीख टाकून तीन ओळी लिही, आज काय केलं, काय जमलं नाही, उद्या काय. तीनच ओळी, जास्त नको. आणि दर रविवारी ती वही एका माणसाला दाखव, दर वेळी तोच माणूस. मामा, आत्या, शेजारचे रिटायर्ड गुरुजी, वाचनालयातल्या बाई, कुणी पण, फक्त जो विचारेल की 'हे बुधवारी काहीच का लिहिलं नाहीस'. माझ्या आठ महिन्यांत हा माणूस नव्हता. मला विचारशील तर पुस्तकं, इंटरनेट, क्लास या सगळ्यापेक्षा हा एक माणूस महत्त्वाचा.

सहा आठवड्यांनी वही उघडून मोज. ४२ दिवसांतले ३० दिवस जर खरंच भरलेले असतील तर तू शाळेबाहेर शिकू शकतोस. १०-१२ च भरले असतील तर या वर्षी शाळेत जा, आणि दसऱ्याच्या सुट्टीत परत करून बघ. यात हरल्यासारखं काही नाही, शाळेत असलेल्या पोराला पण वहीची सवय कामालाच येते.

सकाळच्या तीन तासांत काय

इथं मी एक गोष्ट सुचवते, ऐकून सोडून दे वाटलं तर. कन्नड वाचायला शीक.

मला माहितीये आपल्याकडं हा विषय कसा आहे. मीसुद्धा मराठी शाळेतली, आपला भाग कर्नाटकात घातला म्हणून घरात १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणारी. पण उतारा कन्नडमध्ये आहे, ग्रामपंचायतीची नोटीस कन्नडमध्ये आहे, नाडकचेरीतला, म्हणजे महसूल ऑफिसातला, फॉर्म कन्नडमध्ये आहे, आणि जो वाचू शकत नाही तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत उभा राहतो. आपल्या भाषेचं प्रेम एका जागी, आणि आपल्या जमिनीचा कागद आपल्याला वाचता येणं एका जागी. दोन्ही मला पाहिजे.

आणि मराठी वाचणाऱ्याला ही लिपी वाटते तेवढी अवघड नाही. क्रम तोच आहे, क ख ग घ, च छ ज झ, बाराखडी पण तशीच. फरक दोनच नीट लक्षात ठेव. एक म्हणजे कन्नडमध्ये ए आणि ओ हे आखूड आणि लांब असे दोन-दोन आहेत, मराठीत ते वेगळे लिहीत नाही. दुसरं म्हणजे जोडाक्षरात दुसरं अक्षर खाली लोंबतं, त्याला ते ओत्तक्षर म्हणतात, आणि त्याचा आकार काही वेळा मूळ अक्षरापेक्षा अगदी वेगळा असतो. मी असं केलं की रोज पाच अक्षरं, आणि दिवसभर तीच शोधायची, बसच्या पाटीवर, दुकानाच्या बोर्डावर, साबणाच्या पुडक्यावर. बेळगाव, खानापूर, गोकाक, हुबळी ही नावं आपल्याला आधीच माहीत असतात त्यामुळं पाटी स्वतःच उत्तर देते. बस ही सगळ्यात चांगली शाळा आहे या कामाला.

अक्षरं झाली की घरातला उतारा काढ. हेसरु म्हणजे नाव, तंदे म्हणजे वडील, विस्तीर्ण म्हणजे क्षेत्र, बेळे म्हणजे पीक. मग एकर-गुंठ्याची बेरीज कर, ४० गुंठ्यांचा एकर धरून, आणि बघ घरात सांगतात तेवढी जमीन खरंच कागदावर आहे का. आमच्याकडं सव्वा दोन एकर म्हणायचे, निघाली एक एकर ३४ गुंठे, बाकीची अजून चुलत आजोबांच्या नावावर. गणित, भाषा, कायदा आणि घरचा इतिहास, सगळं एका कागदात होतं, आणि माझ्या कुठल्याही पुस्तकात तो धडा नव्हता.

पुस्तकांचं म्हणशील तर बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन ये एकदा, जुनं आहे आणि मराठी पुस्तकं भरपूर आहेत. गावात असशील तर ग्रामपंचायतीचं वाचनालय बघ, आता त्याला अरिवु केंद्र म्हणतात, २०२० पासून ६ ते १८ वयाच्या मुलांना तिथं सदस्यत्व फुकट मिळतं. मराठी पुस्तकं नसतील तर मागणी लिहून दे, मागितल्याशिवाय येत नाहीत. नेटवर मराठी विश्वकोश पूर्ण फुकट वाचायला आहे. आणि हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमनीला साहित्य संमेलनं होतात, तिथं जा, मांडवात शेवटपर्यंत बस, पुस्तकाच्या स्टॉलवर उभं राहून वाच, कुणी हाकलत नाही.

दुपारचे तीन तास, आणि माणूस कसा शोधायचा

भाच्याचं सांगते. त्याला नववीत विज्ञानात ३५ च्या वर कधी नव्हते. शेतातला पंप जळला तेव्हा तो मोटार घेऊन रिवाइंडिंगच्या दुकानात गेला आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी परत गेला. दुकानवाले काका म्हणाले बस बाबा, पण हात लावू नको. पंधरा दिवस त्यानं नुसतं बघितलं आणि वहीत काढलं. जळलेली कॉइल कापायच्या आधी डाटा घ्यायचा असतो, म्हणजे तार बसायच्या खाचा, स्लॉट, किती आहेत, कॉइल कुठून कुठं जाते, किती फेरे आहेत, तार किती गेजची आहे. ३६ स्लॉटची मोटार आणि चार पोल, म्हणजे चुंबकाची टोकं, असतील तर एका पोलला नऊ स्लॉट, हे भागाकार त्याला शाळेत कधी पटलेच नव्हते, इथं चुकलं तर मोटार फिरतच नाही आणि तार वाया जाते, तांब्याचा भाव माहितीये ना. आता तो ओहमचा नियम मला समजावून सांगतो, चहा पिता पिता.

तुला असा माणूस शोधायचा असेल तर असं कर. जे आवडतं ते काम करणारी तीन दुकानं किंवा माणसं शोध. गर्दीच्या वेळी जाऊ नको, दुपारी अडीच-तीनला जा. 'काका, मला काम नको, पैसे नकोत, पंधरा दिवस बघायला येऊ का' एवढंच विचार. तीनातले दोन नाही म्हणतील. जो हो म्हणेल त्याच्याकडं वेळेवर जा, झाडू मारायला सांगितला तर मार, पण आठवडाभर नुसता झाडू आणि चहाच चालला तर निघून ये, ते शिकणं नाही, ते फुकटचं पोरगं झालं. आणि आईबाबांपैकी एकानं तरी ती जागा आणि तो माणूस बघितलेला असलाच पाहिजे.

मशीनचं मात्र जपून. १८ पूर्ण होईपर्यंत धोक्याच्या कामावर ठेवायला कायद्यानं बंदी आहे, आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत, फाउंड्रीत, प्रेसवर, लेथवर बोटं गेलेली माणसं तुला तुझ्याच गावात भेटतील. तिथलं शिकायचंच असेल तर रीतसर शीक. आय.टी.आय.मध्ये वेल्डर, वायरमन असे काही ट्रेड आठवी पासवर पण आहेत. बेळगावच्या जी.टी.टी.सी.मध्ये, म्हणजे सरकारी टूल रूम ट्रेनिंग सेंटरमध्ये, दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा आहे. मातीकाम आवडत असेल तर खानापुरातच खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे, आणि आपली कितीतरी पोरं तिच्या दारावरून रोज जातात पण आत काय चालतं ते बघितलेलं नसतं. आणि घर सोडून राहायची तयारी असेल तर पुण्याजवळ पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. कलबागांनी १९८३ ला सुरू केलेला, तिथं वर्षभर राहून वेल्डिंग, बांधकाम, शेती, इलेक्ट्रिक, स्वयंपाकघरातलं विज्ञान असं सगळं हातानं करत शिकवतात.

कुणीतरी तुला म्हणेल की आपल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व कुठं शाळेत गेले होते. ते खरं असलं तरी त्यातलं अर्धंच घेतात लोक. ते लहानपणीच मुंबईला प्रोफेसर देवधरांकडं गेले आणि वर्षानुवर्षं तिथं राहून शिकले. शाळा नव्हती, पण गुरू होता आणि रोजचा रियाज होता.

दहावीचा कागद

दहावी सोडू नकोस. आर्मीत जायचं म्हणणारी आपली निम्मी पोरं, त्यांना तर अग्निवीर जी.डी.ला, म्हणजे साध्या शिपायाच्या भरतीला, दहावीत ४५ टक्के लागतात, नुसतं पास होऊन भागत नाही. आय.टी.आय., डिप्लोमा, नोकरी, सगळीकडं तोच कागद मागतात.

शाळेत न जाता दहावी करायचा सरळ रस्ता म्हणजे एन.आय.ओ.एस., राष्ट्रीय मुक्त विद्यालय. केंद्र सरकारचं बोर्ड आहे, १९८९ पासून चालू आहे, सर्टिफिकेट बाकी बोर्डांसारखंच चालतं. दहावीला वय १४ पूर्ण लागतं, बारावीला १५. मराठी माध्यमातून दहावी देता येते, पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत. पाच विषय घ्यायचे, त्यात एक तरी भाषा. परीक्षा वर्षातनं दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, या वेळी दोन, पुढच्या वेळी तीन असं चालतं, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. आणि दुसऱ्या बोर्डाची दहावी देऊन नापास झालेला असशील तर पास झालेले दोन विषयांपर्यंतचे मार्क इकडं धरून घेता येतात. मी पहिल्या खेपेला मराठी आणि होम सायन्स दिलं, धीर आला, मग बाकीचे. असाइनमेंट असतात, त्यांना २० टक्के वजन आहे, त्या वेळेत दे, बरीच पोरं त्याच विसरतात.

गणित न घेता पण दहावी होते तिथं. मला वाटतं घ्यावं. न घेणारं पोरगं सतराव्या वर्षी डिप्लोमाला जायचं ठरवतं आणि तिथं अडतं. दोन खेपा लागल्या तरी चालतील, पण गणित घे.

फॉर्म स्वतः भर, सरकारी वेबसाइटवर. 'पास करून देतो, परीक्षेला बसायला पण नको' म्हणणारे एजंट बेळगावात पण आहेत, त्यांना एक रुपया देऊ नकोस, पैसे जातात आणि कधी कधी सर्टिफिकेटच खोटं निघतं. आणि पुढं ज्या कॉलेजात पी.यू.सी.ला, म्हणजे अकरावी-बारावीला, जायचं मनात असेल तिथं आत्ताच जाऊन विचारून ये की ओपनची दहावी घेता का, कुठले कागद लागतात.

दुसरा रस्ता म्हणजे कर्नाटक बोर्डाची एस.एस.एल.सी. बाहेरून, खासगी उमेदवार म्हणून. त्याला पण वयाची अट आहे, फॉर्म शाळेतूनच भरावा लागतो. शाळेशी गोडीनं निघालेला असशील तर हे सोपं जातं, म्हणून निघताना भांडून निघू नको, मी भांडून निघाले होते आणि दाखल्यासाठी चार हेलपाटे पडले.

बाहेर पडताना काय गमावतोस ते माहीत असू दे

टी.सी., म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, घेताना नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं, जात सगळं तिथंच उभं राहून वाच. आपल्या मराठी नावाचं कन्नडमध्ये एक होतं आणि इंग्लिशमध्ये तिसरंच, आधारवर वेगळं, आणि पुढं प्रत्येक फॉर्मला अडतं. चूक असेल तर शाळेतून निघायच्या आधी दुरुस्त करून घे, नंतर कुणी दाद देत नाही. पाच झेरॉक्स काढून ठेव, सॅट्स नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला तुझा विद्यार्थी नंबर, लिहून ठेव. आणि हेडमास्तरांना तोंडावर विचार, पुढच्या जूनला परत यायचं झालं तर काय करावं लागेल. विचारण्यात कमीपणा नाही.

मुलांचा बसचा पास जातो. रोज बेळगावला जायचं असेल तर त्याचा महिन्याचा खर्च आधी काढ. मुलींना २०२३ पासून शक्ती योजनेत साध्या सरकारी बसला तिकीट नाही, आधार जवळ ठेवायचं, तेवढा एक मोठा आधार आहे, वापर तो. स्कॉलरशिप आणि हॉस्टेल पण शाळेबरोबर जातं.

आणि एक गोष्ट आपल्या भागापुरती. महाराष्ट्र सरकार ज्या ८६५ गावांवर दावा सांगतं तिथल्या मराठी मुलांना महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला सीमाभाग म्हणून अर्ज करता येतो. त्या नियमात दहावी-बारावी सीमाभागातल्या संस्थेतून झाल्याची अट येते. तुझ्या डोक्यात तसं काही असेल तर ओपनला नाव घालायच्या आधी त्या प्रवेशाचं माहितीपुस्तक काढून नीट वाच, नाहीतर दार आपल्याच हातानं बंद होईल.

मुलींसाठी

हे जरा जास्त लिहिते, कारण मला माहितीये काय होतं.

मुलगा शाळा सोडतो तेव्हा घरचे विचारतात काय काम करणार. मुलगी सोडते तेव्हा कुणी काही विचारत नाही, आणि तीच भीती आहे. सकाळचे ९ ते १२ तुझे आहेत हे तू ठरवलेलं असतं, पण पावणेनऊला कुणीतरी म्हणतं भाकरी टाक, मग धुणं, मग लहान भावाला बघ, आणि लावणीच्या दिवसांत तर अख्खा दिवस शेतात. दोन महिन्यांत स्थळं यायला लागतात, 'शाळेत नाही ना आता, मग काय हरकत'. माझ्यासाठी पहिलं स्थळ आलं तेव्हा मी साडेपंधरा वर्षांची होते. बाबांनी नाही म्हटलं म्हणून वाचले.

म्हणून मुलीनं शाळा सोडायच्या आधी घरात तीन गोष्टी मोठ्यानं, चार माणसांसमोर ठरवून घ्यायच्या. कामाची वाटणी, म्हणजे कुठलं काम माझं आणि कुठल्या वेळात मला हाक मारायची नाही. परीक्षेची तारीख. आणि १८ च्या आधी लग्नाचा विषय नाही. कर्नाटकात १८ च्या आतल्या मुलीचं लग्न लावलं तर ते कायद्यानं लग्नच धरत नाहीत आणि लावून देणाऱ्यांवर केस होते, हे घरात माहीत असू दे. या तीनमधली एक जरी घरात पटत नसेल, तर बाई, शाळा सोडू नकोस. शाळा कितीही कंटाळवाणी असली तरी ती तुला रोज सात तास घराबाहेर ठेवते. आधी बाहेरची दुसरी जागा शोध, वाचनालय, शिवणाचा क्लास, दवाखान्यात मदत, कॉम्प्युटर सेंटर, आणि मग शाळेचा विचार कर.

घरी कसं सांगायचं

जेवताना नको, आणि बाबा शेतातनं दमून आल्या आल्या पण नको. रविवारी सकाळी, मेची वही हातात घेऊन. 'मला शाळा सोडायचीय' असं सुरू केलंस तर पुढचं कुणी ऐकत नाही. 'बाबा, सुट्टीत मी हे केलं, बघा की' असं सुरू कर. ३० दिवसांची पानं त्यांच्यासमोर ठेव. भाच्यानं वडिलांसमोर स्वतः भरलेली मोटार लावून दाखवली होती, पंपातनं पाणी आलं, मग बोलणं सुरू झालं.

एका कागदावर लिहून ने. काय शिकणार, कुणाकडं, दहावी कुठल्या बोर्डातून आणि कधी, खर्च किती, आणि नाही जमलं तर काय. हा शेवटचा मुद्दा आईवडिलांना सगळ्यात जास्त धीर देतो. 'दसऱ्याला वही बघू, निम्मे दिवस रिकामे असतील तर मी जूनला परत शाळेत जाईन' असं लिहून खाली सही कर. ते 'नाही' म्हणाले तर ओरडू नको, अबोला धरू नको. अजून एक सुट्टी काम करून दाखव. भाच्याला पण दोनदा विचारावं लागलं.

आईबाबांना माझी एक विनंती आहे. हो म्हटलंत तर मग रोज 'तुझ्यापायी आम्हाला खाली बघावं लागतंय' असं बोलू नका. दसऱ्यापर्यंत थांबा, मग वही बघून बोला.

पहिले दोन महिने

एकटं वाटणार. साडेआठला मित्र बसला जाणार आणि तू घरात. संध्याकाळी पाचनंतर मैदानावर जाच, कबड्डी, क्रिकेट जे असेल ते, मित्र तोडू नको, त्यांच्या परीक्षेचं, सहलीचं ऐकून घे. मला मैत्रिणी तोडल्याचं अजून वाईट वाटतं.

आणि बसस्टँडवर, लग्नात, गिरणीत कुणीतरी विचारणारच, 'सध्या काय करालाय गा?' 'काही नाही, घरातच आहे' असं एकदा जरी म्हणालास तर ते गावभर होतं आणि हळूहळू तुला स्वतःला पण खरं वाटायला लागतं. उत्तर तयार ठेव. 'ओपनमधनं दहावी करतोय, ऑक्टोबरला मराठी आणि गणिताचा पेपर आहे, दुपारी रिवाइंडिंग शिकतोय.' एवढं सांगितलं की लोक पुढचा प्रश्न मोटारीचा विचारतात.

जूनमध्ये शाळा उघडल्या की त्या पहिल्या सकाळी साडेआठची बस जाऊ दे. आंघोळ, चहा करून नऊला वही उघड, तारीख टाक, आणि मेमध्ये जिथं थांबला होतास तिथनं पुढं सुरू कर.